होम सर्व्हरवर क्रॉनी: घड्याळ जुळवण्याचा क्रम आणि तो कुठे चुकतो

क्रॉनी हा यंत्राचं घड्याळ नेटवर्कवरच्या वेळ-सर्व्हरांशी जुळवणारा प्रोग्रॅम. तो इन्स्टॉल करायला मिनिटभर लागतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. सर्व्हिस चालू दिसते, वेळही बरोबर दिसते, म्हणजे काम झालं असं वाटतं. मग काही आठवड्यांनी लॉगिनचे ३० सेकंदांत बदलणारे कोड नाकारले जाऊ लागतात, दोन यंत्रांच्या लॉगमधला घटनाक्रम जुळत नाही, किंवा वीज जाऊन आल्यावर सर्व्हर प्रत्येक सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारतो. अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी सापडतात. एक तर घड्याळ एकापेक्षा जास्त प्रोग्रॅम हलवत असतात, नाहीतर ते खरंच जुळलंय का हे न पाहताच पुढचं काम सुरू केलेलं असतं. खालचा क्रम या दोन्ही चुका टाळण्यासाठी लावला आहे, म्हणून टप्पे उलटसुलट करू नका.

हा लेख डेबियन, उबंटू आणि फेडोरा या घराण्यांतल्या लिनक्ससाठी आहे. रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना जागोजागी दिल्या आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत घ्या.

## टप्पा १: घड्याळ सध्या कोणाच्या हातात आहे ते शोधा

‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा द्या. त्यात एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) सर्व्हिस चालू दिसली तर ती नेमकी कोणती हे शोधायचं. बहुधा ती सिस्टमडी-टाइमसिंकडी असते. जुन्या यंत्रांवर एनटीपीडी किंवा एनटीपीसेक असू शकतो. कोणीतरी कधीतरी क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, क्रॉनी वेगळा) लिहून ठेवलेली एनटीपीडेटची ओळही सापडते, आणि ती ‘सिस्टमसीटीएल’च्या यादीत दिसत नाही. त्यामुळे रूटचा क्रॉनटॅब उघडून डोळ्यांनी वाचा.

अनेक जण फक्त यूडीपी पोर्ट १२३ वर कोण ऐकतंय ते पाहतात आणि तो रिकामा दिसला की निर्धास्त होतात. हा पुरावा अपुरा आहे. टाइमसिंकडी फक्त वेळ विचारतो, कोणाला देत नाही, म्हणून तो हा पोर्ट उघडतच नाही.

आभासी यंत्रं आणि कंटेनर यांच्याबाबत इथेच निर्णय घ्या. कंटेनरला स्वतःचं वेगळं घड्याळ नसतं, ते यजमान यंत्राच्या कर्नलचंच (लिनक्सच्या गाभ्याचंच) घड्याळ वापरतं. म्हणून क्रॉनी यजमानावर बसवायचा, कंटेनरमध्ये नाही. पूर्ण आभासी यंत्राला मात्र स्वतःचं घड्याळ असतं आणि तिथे क्रॉनी चालतो. पण व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरची पाहुण्या यंत्रातली साधनंही वेळ जुळवत असतील तर त्यांचं ते काम बंद करा. दोघे एकाच घड्याळाला ओढू लागले की क्रॉनीने मोजलेला वेग निरर्थक ठरतो आणि आकडे सारखे उड्या मारत राहतात.

तपासा: फरक नेमका काही तासांचा किंवा अर्ध्या तासाच्या पटीत आहे का? असेल तर दोष घड्याळाचा नसून टाइम झोनचा आहे. ‘डेट’ला लहान यूचा पर्याय देऊन यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ पाहा. ती बरोबर असेल तर फक्त टाइम झोन दुरुस्त करा, घड्याळाला हात लावू नका. त्याच यंत्रावर विंडोजही असेल तर ‘टाइमडेटसीटीएल’च्या शेवटच्या ओळींत हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवलंय का ते बघा. सर्व्हरवर ते यूटीसीमध्येच हवं.

## टप्पा २: इन्स्टॉल करण्याआधीची तयारी

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो आणि नुकसानही इथेच होतं.

डेबियन आणि उबंटूवर पॅकेज बसताच सर्व्हिस आपोआप सुरू होते. मूळ सेटिंगनुसार फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर ती घड्याळ एका झटक्यात योग्य वेळेवर नेते. घड्याळ दोन तास पुढे असेल तर सर्व्हरवरची वेळ क्षणात दोन तास मागे येईल. चालू डेटाबेसमध्ये भविष्यातल्या वेळेच्या नोंदी तशाच राहतील, ठरावीक वेळेची कामं पुन्हा चालतील किंवा वगळली जातील, आणि फाइलींच्या तारखा पाहून काम करणारा बॅकअप गोंधळेल.

म्हणून आधी ‘डेट’ने दिसणारी वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा. फरक एक-दोन सेकंदांचा असेल तर पुढे जा. मिनिटांचा किंवा तासांचा असेल तर डेटाबेस, बॅकअप आणि ठरावीक वेळेची कामं थांबवा आणि मगच इन्स्टॉल करा.

यानंतर हार्डवेअर. जुन्या पीसीचा सर्व्हर केला असेल तर मदरबोर्डवरचा बटनसेल संपलेला असू शकतो. तसं असेल तर वीज गेल्यावर यंत्र जुन्याच एखाद्या तारखेला जागं होतं. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत हार्डवेअर घड्याळ नसतंच. पाय ५ मध्ये ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. तुमचं यंत्र यांपैकी कोणत्या प्रकारात बसतं ते लिहून ठेवा, कारण टप्पा ७ आणि ८ मधले निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

शेवटी फायरवॉल. सर्व्हरवरून बाहेर जाणारा यूडीपी १२३ अडवलेला नसावा. इतकंच पुरे. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगची काहीही गरज नाही, आता नाही आणि नंतरही नाही.

## टप्पा ३: इन्स्टॉल

डेबियन-उबंटूवर ‘एपीटी इन्स्टॉल क्रॉनी’ दिलं की टाइमसिंकडीचं पॅकेज आपोआप काढून टाकलं जातं. फेडोरात क्रॉनी बहुधा आधीपासून असतो. नसेल तर ‘डीएनएफ’ने घ्या.

दोन घराण्यांतल्या नावांचा फरक लक्षात ठेवा, कारण एका वितरणाची सूचना दुसऱ्यावर वापरल्याने वेळ वाया जातो. डेबियनमध्ये सर्व्हिसचं नाव क्रॉनी आहे, आणि सेटिंगची फाइल ‘ईटीसी’मधल्या ‘क्रॉनी’ फोल्डरात ‘क्रॉनी डॉट कॉन्फ’ या नावाने असते. फेडोरात सर्व्हिस क्रॉनीडी आहे आणि तीच फाइल थेट ‘ईटीसी’मध्ये असते. चुकीच्या ठिकाणी नवी फाइल तयार केली तर क्रॉनी ती वाचणार नाही आणि तक्रारही करणार नाही.

सावधान: इन्स्टॉल झाल्यानंतर ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स’ देऊ नका. ही आज्ञा टाइमसिंकडीपुरतीच आहे असा समज आहे. जिथे क्रॉनीची नोंद सिस्टमडीकडे वेळेची सेवा म्हणून असते, तिथे याच आज्ञेने क्रॉनी बंद होतो.

तपासा: क्रॉनी ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘एनेबल्ड’ दोन्ही आहे का, टप्पा १ मध्ये सापडलेलं बाकी सगळं बंद आहे का. मूळ सेटिंग फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

## टप्पा ४: वेळेचे स्रोत निवडा

किती सर्व्हर लिहायचे याचं गणित साधं आहे. एकच असेल तर तो सांगेल ते क्रॉनी मानतो, चूक कळण्याचा मार्गच नसतो. दोन असतील आणि त्यांचं जुळलं नाही तर कोण खरा हे ठरवता येत नाही. तीन असतील तर एक खोटा पकडला जातो. चार असतील तर एक बंद पडला तरी उरलेल्या तिघांत खोटा ओळखता येतो. म्हणून चार.

‘पूल’ने (म्हणजे सर्व्हरांचा गट) सुरू होणारी एक ओळ पुरेशी असते, कारण क्रॉनी त्या एका नावातून चारपर्यंत वेगवेगळे सर्व्हर घेतो. ‘पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी’ किंवा तुमच्या वितरणाने आधीच लिहून दिलेलं त्याचं उपनाव ठेवा. ‘सर्व्हर’ने सुरू होणाऱ्या ओळीत मात्र एका नावामागे एकच स्रोत मिळतो. पूलचं नाव ‘सर्व्हर’ ओळीत लिहून चार स्रोत मिळाले असं समजणं ही नेहमीची चूक आहे. एकाच कंपनीचे चार पत्ते लिहिणंही तितकंच फसवं: ती चार स्वतंत्र मतं नव्हेत.

आणखी एक मिश्रण टाळा. गूगलचे सार्वजनिक वेळ-सर्व्हर लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवण्यासाठी कधीतरी घातला जाणारा जादा सेकंद) एकदम न घालता २४ तासांवर पसरवतात. पूलमधले सर्व्हर सहसा तसं करत नाहीत. दोन्ही एकत्र ठेवले तर त्या दिवशी अर्ध्या सेकंदापर्यंत मतभेद होतो. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या डिसेंबरअखेर आला होता, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं दिसत नाही आणि म्हणूनच सेटिंगमध्ये राहून जाते. एक पद्धत निवडा, तिच्याशीच राहा.

प्रत्येक स्रोताच्या ओळीच्या शेवटी ‘आयबर्स्ट’ असू द्या. त्यामुळे सुरुवातीच्या काही विचारणा साधारण दोन-दोन सेकंदांच्या अंतराने होतात आणि घड्याळ लवकर जुळतं. तो नसेल तर पहिल्या मोजण्या ६४ सेकंदांच्या अंतराने येतात.

सुरक्षित वेळ हवी असेल तर क्रॉनी ४.० पासून एनटीएस (एनटीपीचं सुरक्षित रूप) वापरता येतं. स्रोताच्या ओळीत ‘एनटीएस’ हा शब्द जोडायचा आणि टीसीपी ४४६० बाहेर जाऊ द्यायचा. क्लाउडफ्लेअरचा वेळ-सर्व्हर ते देतो. पण एनटीएसमध्ये प्रमाणपत्र तपासलं जातं आणि त्यासाठी घड्याळ आधीच साधारण बरोबर हवं. हार्डवेअर घड्याळ नसलेल्या यंत्रावर सगळेच स्रोत एनटीएसचे ठेवू नका.

## टप्पा ५: सेटिंग फाइलमधल्या चार ओळी

फाइल लांबलचक दिसली तरी घरच्या सर्व्हरसाठी महत्त्वाच्या ओळी मोजक्याच आहेत.

१. पूल: वर ठरवलेला स्रोत, शेवटी ‘आयबर्स्ट’.

२. ड्रिफ्टफाइल: तुमच्या यंत्राचा स्फटिक किती पुढे किंवा मागे धावतो हे क्रॉनी या फाइलमध्ये लिहून ठेवतो. हा वेग दशलक्षांश, म्हणजे पीपीएममध्ये असतो, सुमारे ११.६ पीपीएम म्हणजे दिवसाला एक सेकंद. दहा-वीस पीपीएमची चूक अगदी सामान्य आहे. ही ओळ काढली तर दर रीस्टार्टनंतर क्रॉनीला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

३. मेकस्टेप १ ३: पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त आढळला तर झटक्यात दुरुस्त कर, त्यानंतर कधीही नाही. त्यानंतरचा प्रत्येक फरक क्रॉनी घड्याळ किंचित जलद किंवा हळू चालवून भरून काढतो, वेळ उलटी जात नाही.

४. आरटीसीसिंक: जुळलेली वेळ कर्नल दर ११ मिनिटांनी हार्डवेअर घड्याळात उतरवतो.

तिसऱ्या ओळीवर थोडं थांबतो. ‘३’च्या जागी उणे एक लिहायचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केलं की क्रॉनी कधीही, महिनाभर चालू असलेल्या डेटाबेसच्या मधोमधही, घड्याळाला झटका देऊ शकतो. सर्व्हरवर हे करू नये असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीला झटका आणि नंतर संथ दुरुस्ती हीच योग्य वागणूक आहे. उलट, ‘मेकस्टेप’ची ओळच काढून टाकली तर मोठा फरक भरायला फार वेळ जातो: लिनक्सवर क्रॉनीच्या कमाल वेगानेही एका तासाचा फरक भरून निघायला १२ तास लागतात.

चौथी ओळ नसेल तर आणखी एक कोडं पडतं. क्रॉनी व्यवस्थित चालतो, पण ‘टाइमडेटसीटीएल’ घड्याळ जुळलेलं नाही असंच सांगत राहतं. कारण ही ओळ असल्याशिवाय क्रॉनी कर्नलमधली ‘न जुळलेलं’ ही खूण काढत नाही.

फाइल जतन करून सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि लगेच ‘जर्नलसीटीएल’मध्ये तिच्या शेवटच्या ओळी वाचा. शब्दात चूक असेल तर तिथे ओळीच्या क्रमांकासह दिसते.

## टप्पा ६: खरंच जुळलंय का ते पाहा

सर्व्हिस चालू आहे एवढ्यावरून घड्याळ जुळलंय असं म्हणता येत नाही. दहा मिनिटं जाऊ द्या आणि ‘क्रॉनीसी सोर्सेस’ द्या.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची दुसरी खूण पाहायची. तारा म्हणजे सध्या निवडलेला मुख्य स्रोत, अधिक म्हणजे त्याच्या जोडीने वापरला जाणारा, उणे म्हणजे ठीक आहे पण सध्या वापरात नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे संपर्क नाही किंवा मोजण्या अपुऱ्या. फुली म्हणजे बाकीच्यांशी न जुळणारा खोटा स्रोत. एक तारा आणि एक-दोन अधिक दिसले की पुरे. एखाद्या ओळीवर उणे दिसलं म्हणून स्रोत बदलत बसू नका.

‘रीच’चा रकाना अष्टमान पद्धतीत असतो, म्हणून तो विचित्र वाटतो. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं. सुरू होताना तो १, ३, ७, १७, ३७ असा वाढत जातो. वाढणारा आकडा चांगला. काही मिनिटांनंतरही तो शून्य असेल तर फायरवॉल किंवा नेटवर्क तपासा. ओळच दिसत नसेल तर ‘क्रॉनीसी ॲक्टिव्हिटी’ द्या; तिथे अज्ञात पत्त्याचे स्रोत मोजलेले दिसले तर अडचण डीएनएसची (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेची) आहे.

आता ‘क्रॉनीसी ट्रॅकिंग’. ‘लीप स्टेटस’समोर ‘नॉर्मल’ हवं. ‘सिस्टम टाइम’समोर मायक्रोसेकंदांतला फरक दिसेल आणि बरेच जण त्यालाच घड्याळाची अचूकता समजतात. तो फक्त क्रॉनीच्या स्वतःच्या अंदाजापासूनचा फरक आहे. चूक जास्तीत जास्त किती असू शकते हे काढायचं तर त्या आकड्यात ‘रूट डिस्पर्शन’ आणि ‘रूट डिले’चा अर्धा भाग मिळवा. डिले ४० मिलिसेकंद आणि डिस्पर्शन २ मिलिसेकंद असेल तर मर्यादा सुमारे २२ मिलिसेकंद. घरच्या कामाला हे भरपूर झालं.

डिलेचा अर्धा भाग का, हे समजून घेतलं तर एक वारंवार विचारला जाणारा प्रश्न सुटतो. एनटीपी असं धरून चालतं की निरोप जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. रात्री मोठा बॅकअप बाहेर जात असताना अपलोडची वाट तुंबते. जायला ६० आणि यायला २० मिलिसेकंद लागले तर घड्याळ २० मिलिसेकंदांनी चुकीचं मोजलं जातं. ठरावीक वेळी फरक वाढून पुन्हा खाली येत असेल तर सेटिंगशी खेळू नका, बॅकअपचा वेग मर्यादित करा.

## टप्पा ७: वीज गेल्यासारखं करून पाहा

यंत्र नीट बंद करा, नेटवर्कची केबल काढा, यंत्र सुरू करा, वेळ पाहा, मग केबल जोडा आणि किती वेळात तारा दिसतो ते बघा. ही चाचणी आज केली नाही तर पहिल्यांदा वीज जाईल तेव्हा ती आपोआप होईलच.

इथे सगळ्यात चिवट अडचण सापडते. घरचं डीएनएस याच सर्व्हरवर असेल आणि ते डीएनएससेकच्या (डीएनएसचं उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या) सह्या तपासत असेल, तर चुकीच्या तारखेला सगळ्या सह्या अवैध ठरतात. नाव सुटत नाही म्हणून वेळ-सर्व्हर सापडत नाही, आणि वेळ मिळत नाही म्हणून नाव सुटत नाही. यंत्र या फेऱ्यातून स्वतःहून बाहेर पडत नाही. उपाय असे:

- राउटर वेळ देत असेल तर त्याचा आयपी पत्ता आणखी एक ‘सर्व्हर’ ओळ म्हणून लिहा.
- डीएनएससाठी अनबाउंड हा प्रोग्रॅम वापरत असाल तर ‘एनटीपी डॉट ओआरजी’साठी ‘डोमेन-इनसिक्युअर’ लावा, म्हणजे त्या नावापुरती सही तपासली जात नाही.
- हार्डवेअर घड्याळ नसेल तर क्रॉनीडीला सुरू होताना लहान एसचा पर्याय द्या. तो ड्रिफ्टफाइल शेवटची बदलली त्या वेळेवर घड्याळ आणून ठेवतो, त्यामुळे तारीख निदान वर्षानुवर्षं मागे जात नाही.

पूलमधल्या एखाद्या सर्व्हरचा आयपी पत्ता शोधून कायमचा लिहून ठेवणं हा उपाय नाही. पूलमधले सर्व्हर बदलत राहतात.

डेटाबेस किंवा बॅकअप वेळ जुळण्याआधी सुरू होऊ नये असं वाटत असेल तर त्या सर्व्हिसला ‘टाइम-सिंक डॉट टार्गेट’नंतर सुरू व्हायला सांगा, आणि सोबत ‘क्रॉनी-वेट’ ही सर्व्हिस एनेबल करा. फक्त पहिलं केलं तर उपयोग होत नाही: क्रॉनी सुरू झाला की टार्गेट गाठलं असं मानलं जातं, घड्याळ जुळलेलं असो वा नसो.

## टप्पा ८: घरातल्या इतर यंत्रांना वेळ द्या

टप्पा ६ आणि ७ पार पडल्याशिवाय इकडे येऊ नका. इथून पुढे तुमची चूक सगळ्या घरात पसरते.

सेटिंग फाइलमध्ये ‘अलाउ’ आणि पुढे तुमच्या नेटवर्कचा पट्टा लिहा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४. पट्टा न लिहिता नुसतं ‘अलाउ’ लिहिलं तर ते सगळ्या जगाला खुलं होतं. घरात आयपीव्ही६ असेल तर त्याच्या पट्ट्यासाठी वेगळी ओळ लागते. मग सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये त्याच पट्ट्यापुरता आत येणारा यूडीपी १२३ उघडा. हा पोर्ट राउटरवरून इंटरनेटला कधीही जोडू नका. उघडे वेळ-सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ला करण्यासाठी वापरले गेले आहेत.

इंटरनेट गेलं तरी घरातली यंत्रं एकमेकांशी जुळलेली राहावीत म्हणून ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ देतात. ओळ उपयोगी आहे, पण तिचा अर्थ ‘स्रोत नसला तरी माझी वेळ खरी माना’ असा होतो. हार्डवेअर घड्याळ नसलेल्या पायवर ती लावली तर वीज आल्यावर तो शिळी वेळ पूर्ण आत्मविश्वासाने घरभर वाटेल. हार्डवेअर घड्याळ आणि चालू बॅटरी असेल तरच ही ओळ घाला, आणि घरातल्या एकाच सर्व्हरवर.

बाकीच्या यंत्रांना सर्व्हरचा पत्ता हाताने देता येतो किंवा राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते आपोआप देणारी सेवा) पर्याय ४२ म्हणून. दुसरा मार्ग सोपा दिसतो, पण अनेक उपकरणं हा पर्याय वाचतच नाहीत. म्हणून गृहीत धरू नका. दिवसभरानंतर सर्व्हरवर रूट म्हणून ‘क्रॉनीसी क्लायंट्स’ द्या आणि यादी पाहा. ज्या यंत्राचा पत्ता तिथे नाही, ते अजून तुमच्या सर्व्हरला वेळ विचारत नाही. त्याची सेटिंग हाताने बदला.